साथीत बुडालेला पगार ईएसआयकडून कसा मिळवायचा: पुण्यातल्या कामगारांसाठी टप्प्याटप्प्याने

साथ पसरली की घरात एकाला ताप येतो, मग दुसऱ्याला, आणि महिनाअखेरीला पगारपत्रकात चौदा दिवसांचे खाडे दिसतात. दर महिन्याला पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, तो अशाच दिवसांसाठी. तरीही क्लेम अडकतो, किंवा निम्माच हाती येतो. बहुतेक वेळा चूक तीच असते: कामगार बरा झाल्यावर कागद गोळा करायला निघतो. ईएसआय पैसे देते ते सर्टिफिकेटवर लिहिलेल्या तारखांचे. त्या तारखांत जेवढ्या दिवसांची फट राहिली तेवढ्या दिवसांचे पैसे गेले, मग आजार कितीही खरा असो.

काय मिळते ते आधी पक्के करून घ्या. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे, टप्पा १ बघा) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस. आजारपणाचे पहिले दोन दिवस यात धरत नाहीत. साथीपुरती काढलेली ही योजना नाही, हा कायमचा हक्क आहे.

सावध: कोविडच्या काळात ईएसआयने कोविड मदत योजना काढली होती. तीत कोविडने मृत्यू झालेल्या विमाधारकाच्या अवलंबितांना सरासरी पगाराच्या ९० टक्के पेन्शन होते. ती योजना २४ मार्च २०२० पासून ठरावीक मुदतीची होती. तिचे मेसेज अजून फोनवर फिरतात. त्या मेसेजमधल्या अटी वाचून आजारपणाचा क्लेम भरू नका, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

## टप्पा १: हक्क आहे का, ते अंगात ताप नसताना तपासा

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल (अपंग कामगारांसाठी २५,०००), तर तुम्ही ईएसआयखाली येता. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. सहामाहीच्या मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते आणि तुम्ही योजनेतच असता.

आता खरी अट. आजारपणाचे पैसे मिळायला, त्या आजारपणाशी जोडलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, म्हणजे पगारातली ही कपात, लागते. लोक चालू महिना बघतात आणि इथेच फसतात. जोडी अशी लागते:

१ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या वर्षीच्या १ जानेवारी ते ३० जूनमधले आजारपण चालते.

१ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातल्या वर्गणीवर त्यानंतरच्या १ जुलै ते ३१ डिसेंबरमधले आजारपण चालते.

म्हणजे ऑगस्टमध्ये आजारी पडलात, तर मागच्या ऑक्टोबर ते मार्चमधले दिवस मोजायचे. जुलैत किती काम केले याचा इथे काही उपयोग नाही.

साथीत हे गणित उलटते. एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद होते, पुढचे काही महिने अर्धेमुर्धे चालले. त्या सहामाहीची वर्गणी कमी पडली आणि तिचा फटका थेट जानेवारी ते जून २०२१ या लाभ कालावधीला बसला, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. तेव्हा ईएसआयने त्या एका कालावधीपुरती अट ७८ वरून ३९ दिवसांवर आणली होती. पुढच्या वेळी अशी सवलत मिळेलच असे धरून चालू नका. मिळाली, तर मात्र आपले दिवस किती आहेत हे आधीच माहीत असलेले बरे.

नव्याने पहिल्यांदाच कामाला लागलेल्यांना रोख लाभ नोकरी सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. ५ जानेवारीला लागलात, तर पहिला वर्गणी कालावधी ५ जानेवारी ते ३१ मार्च आणि पहिला लाभ कालावधी ५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर. पहिली सहामाही अशी तोकडी असेल आणि तिच्यात कामाचे १५६ पेक्षा कमी दिवस मिळत असतील, तर ७८ ची अट लागत नाही. जेवढे दिवस मिळाले त्यांच्या निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते. दवाखान्यातले उपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात, त्यासाठी नऊ महिने थांबायचे नसते.

हे करून बघा: ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा आणि वर्गणीचा तपशील उघडा. प्रत्येक महिन्यापुढे पगार आणि दिवस असे दोन आकडे दिसतील. लागू असलेल्या सहा महिन्यांच्या दिवसांची बेरीज करा. पगाराचा आकडा बरोबर आणि दिवस कमी, ही चूक ठेकेदारांच्या भरण्यात सर्रास होते. महिनाभर कामावर असताना पोर्टलवर १२ दिवस दिसत असतील, तर पगारपत्रक घेऊन लगेच दुरुस्ती मागा. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे २० तारखेला बघितले की भरली की नाही ते कळते.

## टप्पा २: चार गोष्टी आजच नीट करून ठेवा

विमा क्रमांक एकच हवा. दहा आकडी विमा क्रमांक आयुष्यभरासाठी एकदाच मिळतो. चाकणच्या ठेकेदाराकडून रांजणगावच्या ठेकेदाराकडे गेलात आणि नव्या माणसाने जुना क्रमांक न विचारता नवा काढला, तर वर्गणी दोन ठिकाणी फुटते. एका क्रमांकावर ५० दिवस, दुसऱ्यावर ६०, आणि ७८ कुठेच नाहीत. नवीन नोकरीत रुजू होताना जुन्या ई-पहचान कार्डाची (ईएसआयच्या ओळखपत्राची) प्रत स्वतःहून द्या. दोन क्रमांक आधीच झाले असतील, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन ते एकत्र करून घ्या. साथीच्या गर्दीत हे काम होत नाही.

नाव आणि जन्मतारीख. आधारवर, बँकेत आणि ईएसआयमध्ये सारखी हवी. वडिलांच्या नावाची जागा बदलली, आडनाव पुढे-मागे झाले, लग्नानंतर नाव बदलले, तर आधी दुरुस्ती करा.

बँक खाते. पैसे थेट खात्यात येतात. २०१९ आणि २०२० मध्ये अनेक सरकारी बँका एकत्र झाल्या आणि त्यांचे आयएफएससी कोड बदलले. देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट कॅनरात गेली. नोंदणी त्याआधीची असेल, तर जुना कोड तसाच पडून असू शकतो. क्लेम मंजूर होतो, पैसे निघतात आणि परत जातात, इकडे कामगार शाखेत खेटे घालत राहतो. पासबुकाच्या पहिल्या पानावरचा आजचा कोड पोर्टलवरच्या कोडशी एकेक अक्षर लावून बघा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ची गल्लत हमखास होते.

दवाखाना. तुमच्या नावावर कोणता ईएसआय दवाखाना लावला आहे ते कार्डावर बघा. खोली भोसरीतून हडपसरला हलवली असेल आणि दवाखाना भोसरीचाच राहिला असेल, तर तापात शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागेल. पत्ता आणि दवाखाना बदलून घ्या.

## टप्पा ३: आजारपणाचा पहिला दिवस

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईएसआयचा दवाखाना, मग बाकी सगळे.

१. ज्या दिवशी कामावर जाता येत नाही, त्याच दिवशी ईएसआय दवाखान्यात दाखवा. ई-पहचान कार्ड, आधार आणि आधी चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल सोबत घ्या.

२. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘मला कामावर जाता येत नाही, सर्टिफिकेट हवे आहे.’ नुसती औषधे घेऊन परत आलात, तर केसपेपर होतो पण सर्टिफिकेट होत नाही, आणि क्लेमला सर्टिफिकेटच लागते. हे नमुना ७ चे (फॉर्म ७ चे) पहिले सर्टिफिकेट.

३. खिडकीपाशी उभे असतानाच सर्टिफिकेट वाचा. नाव, विमा क्रमांक, आजाराचे नाव, तपासल्याची तारीख, सही आणि शिक्का. विमा क्रमांकातला एक आकडा चुकला असेल, तर तो तिथेच दोन मिनिटांत सुधारतो. घरी आल्यावर त्यासाठी पुन्हा रांग लावावी लागते.

४. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि मूळ कागद तीन दिवसांच्या आत शाखा कार्यालयात पोहोचेल असे बघा. उशीर झाला, तर कागद पोहोचल्याच्या तारखेच्या मागचे तीनच दिवस धरले जाऊ शकतात. उशिराचे खरे कारण असेल, तर ते लेखी द्या. सूट देण्याचा अधिकार कार्यालयाला आहे.

५. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. फोनवर सुपरवायझरला सांगितलेले महिन्याने कोणालाच आठवत नाही. एवढा मजकूर पुरतो:

‘सर, मला आज (तारीख) पासून ताप आहे. ईएसआय दवाखान्यात दाखवले आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. सर्टिफिकेटचा फोटो सोबत पाठवत आहे. हे दिवस ईएसआय आजारपण म्हणून नोंदवावेत, माझ्या शिल्लक रजेतून कापू नयेत. विमा क्रमांक: …’

शेवटच्या विनंतीचे कारण टप्पा ६ मध्ये येईल. ती वगळू नका.

चाचणी पॉझिटिव्ह आली आणि बाहेर पडायला मनाई आहे? घरातल्या माणसाला अहवाल, कार्ड आणि तुमच्या सहीचे दोन ओळींचे पत्र देऊन त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. पत्रात लक्षणे कधी सुरू झाली ते लिहा. पोच म्हणून प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. तो शिक्काच पुढे तुमच्या कामी येतो. चौदा दिवस घरी काढून पंधराव्या दिवशी ‘मागच्या तारखेचे द्या’ म्हणून गेलात, तर डॉक्टर देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये.

फक्त संपर्कात आलात, आजारी नाही? इमारत सील झाली, शेजारी पॉझिटिव्ह निघाला, कंपनीने गेट बंद केले, यातल्या कशालाच आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. कायद्यात आजारपण म्हणजे ज्यात उपचार लागतात आणि वैद्यकीय कारणाने कामावर न जाणे भाग पडते अशी स्थिती. लक्षणे दिसली त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा, तुमची तारीख तिथून सुरू होते.

## टप्पा ४: मधले दिवस, म्हणजे तारखांची साखळी

क्लेम सगळ्यात जास्त तुटतात ते इथे. पहिले सर्टिफिकेट घेतले की कामगार निवांत होतो आणि थेट बरा झाल्यावर उगवतो. नियम असा आहे: पहिल्या सर्टिफिकेटनंतर सात दिवसांच्या आत पुन्हा दाखवून मधले सर्टिफिकेट घ्यायचे, आणि आजारपण लांबले तर दर सात दिवसांच्या आत पुढचे. अठ्ठावीस दिवसांपलीकडे गेले, तर डॉक्टर नमुना ८ चे विशेष सर्टिफिकेट देऊ शकतात. ते जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या अंतराने चालते.

कॅलेंडरच्या पानावर करून बघा. ६ ऑगस्टला पहिले सर्टिफिकेट घेतले. १३ च्या आत दुसरी भेट, म्हणून १२ वर गोल करा, १३ वर नको. एक दिवस हाताशी ठेवायचा, कारण १३ तारखेला पाऊस असेल, डॉक्टर रजेवर असतील, रांग रस्त्यावर आली असेल. १२ ला गेलात, तर पुढची भेट १९ च्या आत. १८ वर दुसरा गोल. कॅलेंडर भिंतीवर, घरातल्या सगळ्यांना दिसेल असे लावा. तापाने ग्लानीत असलेल्या माणसाला तारीख लक्षात राहत नाही, बायकोला किंवा भावाला राहते.

सर्टिफिकेट चालू असताना चार गोष्टी पाळाव्या लागतात: ईएसआयचे उपचार घेत राहणे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही न करणे, तपासणीला बोलावले तर जाणे, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो भाग सोडून न जाणे.

शेवटची अट गावी जाणाऱ्यांना नडते. आजारपणात सोलापूर, लातूर, बीडकडे जाण्याची ओढ असणारच. इथे खोलीत एकट्याला पाणी द्यायलाही कोणी नसते. निघण्याआधी डॉक्टरांकडून परवानगीची लेखी नोंद घ्या. गावी जवळचा ईएसआय दवाखाना कुठे आहे ते बघून तिथे कार्ड दाखवा आणि पुढचे सर्टिफिकेट तिथून घ्या. जवळ ईएसआय दवाखानाच नसेल, तर सरकारी रुग्णालयात दाखवून तारीख-शिक्क्याचा केसपेपर घ्या आणि लगेच पोस्टाने शाखेला पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

अर्धा दिवसही काम करू नका. सर्टिफिकेटच्या काळात एक पाळी भरली, ठेकेदाराच्या आग्रहाने सही करायला गेलात, दुसरीकडे रोजंदारी केली, तर त्या दिवसाचे पैसे जातातच. खोटी माहिती दिल्याचा ठपका आला, तर बाकीच्या दिवसांनाही धोका होतो.

## टप्पा ५: फिट सर्टिफिकेट घेऊनच कामावर

बरे वाटले म्हणून परस्पर कामावर जाऊ नका. शेवटच्या भेटीत डॉक्टर कोणत्या तारखेपासून कामाला लायक आहात ते लिहून देतात. ती तारीख तपासणीच्या दिवसापासून फार तर तीन दिवस पुढची असते. १८ ऑगस्टला तपासून २० पासून फिट लिहिले, तर आजारपण १९ ला संपले.

इथे एकच गोष्ट बघा: सर्टिफिकेटवरची फिट तारीख आणि कंपनीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) पहिली हजेरी लागलेली तारीख एकच हवी. २० ला फिट आणि २२ ला रुजू, तर मधले दोन दिवस ना पगाराचे ना ईएसआयचे. १९ ला रुजू आणि २० ला फिट, तर क्लेमवर प्रश्न उभा राहतो.

## टप्पा ६: क्लेम आणि कंपनीची पडताळणी

क्लेम नमुना ९ वर असतो. शाखा कार्यालयात देता येतो, विमाधारकाच्या पोर्टलवरूनही भरता येतो. सोबत सगळी सर्टिफिकेटे तारखेच्या क्रमाने लावा, वर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. अर्जातल्या ‘पासून–पर्यंत’ तारखा सर्टिफिकेटवरून उतरवा, आठवणीने लिहू नका.

यानंतर कंपनीकडून नमुना १० ची पडताळणी होते: हा कामगार या तारखांना खरोखर गैरहजर होता का, आणि त्या दिवसांचा पगार दिला का. क्लेम इथे सगळ्यात जास्त रेंगाळतो, कारण साथीत कार्यालयातली माणसेही आजारी असतात. क्लेम दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एचआरला मेलने कळवा, आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा.

आता ती रजेची गोष्ट. ज्या दिवसाचा पगार किंवा भरपगारी रजा मिळाली, त्या दिवसाचे पैसे ईएसआय देत नाही. अनेक कंपन्या ‘कामगाराचे नुकसान नको’ म्हणून आपणहून शिल्लक रजा टाकतात. हेतू चांगला असतो, पण रजाही संपते आणि क्लेमही जातो. लांबलेल्या आजारपणात हा तोटा मोठा आहे. म्हणून मस्टरवर ते दिवस ईएसआय म्हणून, बिनपगारी दाखवले गेले आहेत ना, हे पगारपत्रक निघण्याआधी तपासा.

### हिशोब कसा होतो

समजा, ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत एकूण पगार १,०८,००० रुपये आणि पगाराचे दिवस १८०. सरासरी रोजचा पगार ६०० रुपये. त्याचे ७० टक्के म्हणजे ४२० रुपये रोज.

आजारपण ६ ते १९ ऑगस्ट, एकूण १४ दिवस. ६ आणि ७ हे दोन दिवस वगळले, राहिले १२. रविवार यात धरले जातात. पण १५ ऑगस्टची भरपगारी सुटी कंपनीने दिली असेल, तर तो दिवस कमी होतो. राहिले ११. अकरा गुणिले ४२० म्हणजे ४,६२० रुपये. बारा दिवसांचे ५,०४० येतील असे धरून बसलेला माणूस शाखेत भांडायला जातो. भांडण्याआधी सुटीचा दिवस मोजा.

एप्रिलपासून पगारवाढ झाली असली, तरी हिशोब जुन्या सहामाहीच्या पगारावरच होतो.

बरे होऊन कामावर गेलात आणि पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर दुसऱ्या वेळी ते दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. साथीच्या आजारात हे बऱ्याचदा होते, तेव्हा नव्या पहिल्या सर्टिफिकेटची आणि आधीच्या फिट सर्टिफिकेटची प्रत एकत्र लावा.

## खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर

दोन वेगळे क्लेम आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. रुग्णालयाच्या बिलाची भरपाई हा एक, बुडालेल्या पगाराचा दुसरा. कागद आणि मंजुरी दोन्हींची वेगळी. बिल मंजूर झाले म्हणून पगाराचे पैसे आपोआप येत नाहीत.

खासगी डॉक्टरांचे सर्टिफिकेट थेट चालत नाही. ईएसआयकडे जाणे शक्यच नव्हते अशा स्थितीत ते पर्यायी पुरावा म्हणून विचारात घेता येते. त्यासाठी दाखल झाल्याचा कागद, डिस्चार्ज समरी, चाचणीचा अहवाल आणि ईएसआयकडे का जाता आले नाही याचे पत्र लागते. ‘बेड मिळाला नाही’ एवढेच लिहू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे विचारले आणि काय उत्तर मिळाले ते लिहा. डिस्चार्ज मिळाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईएसआय दवाखान्यात जा आणि पुढच्या विश्रांतीचे सर्टिफिकेट तिथूनच घ्या. मागचे दिवस मंजूर होवोत न होवोत, पुढचे तरी पक्के होतात.

पुण्यात ईएसआयचे रुग्णालय बिबवेवाडीत आहे, पिंपरी-चिंचवडकडच्या कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरमध्ये. कार्ड पाकिटात ठेवा, आणि घरच्यांच्या फोनमध्येही त्याचा फोटो असू द्या.

## टप्पा ७: अडकले तर कुठे आणि कसे

कागद पूर्ण असतील, तर आजारपणाचा पहिला हप्ता सात दिवसांत देण्याचा नियम आहे. दोन आठवडे झाले तरी पैसे नाहीत, तर शाखेत तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या: क्लेमची तारीख, विमा क्रमांक, सर्टिफिकेटांच्या तारखा, आणि ‘काय अपुरे आहे ते लेखी कळवावे.’ पोच घ्या. त्याने काम झाले नाही, तर बिबवेवाडीतल्या पंचदीप भवनातल्या उपप्रादेशिक कार्यालयात. टोल-फ्री क्रमांक १८००-११-२५२६.

मालकाने कापले पण भरले नाही? हक्क जातोच असे नाही. अट वर्गणी देय असण्याची आहे. पगारपत्रके, हजेरी कार्ड, खात्यात पगार आल्याच्या नोंदी घेऊन शाखेत तक्रार करा. मालकाकडून वसुली करणे हे ईएसआय महामंडळाचे काम आहे. म्हणून पगारपत्रक फेकू नका, निदान दीड वर्षाची ठेवा.

आजारपणात कामावरून काढले? ईएसआय कायदा, १९४८ च्या कलम ७३ नुसार आजारपणाचा लाभ घेत असलेल्या काळात कामगाराला काढता किंवा शिक्षा करता येत नव्हती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तेव्हा आज लागू असलेले कलम शाखेत विचारून घ्या. तुम्ही टप्पा ३ मध्ये पाठवलेला मेसेज इथे पुरावा ठरतो.

९१ दिवस संपले? क्षयरोग, कर्करोग अशा यादीतल्या ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे, पगाराच्या ८० टक्के दराने. त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी लागते. साथीच्या आजारानंतर दुसरा आजार उद्भवला असेल, तर तो या यादीत बसतो का ते ईएसआयच्या डॉक्टरांना विचारा.

कितीही अडचण असली, तरी क्लेम देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत दाखल झालाच पाहिजे.

## ईएसआय नसेल तर

पगार मर्यादेच्या वर असेल आणि वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगारांच्या दुकानात किंवा कार्यालयात असाल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ किरकोळ रजा भरपगारी मिळतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम केले असेल, तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साथीत हाच तुमचा आजारपणाचा पगार, तेव्हा ती लग्नकार्यात सगळी संपवू नका.

बांधकामावरचे, घरकाम करणारे, रिक्षावाले, फेरीवाले यांना रोजच्या बुडीत मजुरीची भरपाई देणारी अशी व्यवस्था नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये निर्बंध लागले, तेव्हा राज्य सरकारने या गटांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांना किंवा परवानाधारकांनाच. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ठेकेदाराकडून ते साईट चालू असतानाच लिहून घ्या. साईट बंद पडली की तो फोन उचलत नाही. आणि नोंदणीचे नूतनीकरण कधी संपते ती तारीखही त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.